संध्याकाळी धरलेला नांगर पहाटे का सुटतो?

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "नांगर धरत नाही. कुठला घेऊ?" विचारणारा पंचवीस-तीस फुटी शिडाची बोट घेऊन मुंबईहून गोव्याकडे निघालेला असतो. दिवसा वीस-तीस मैल जायचं आणि रात्री एखाद्या खाडीत मुक्काम करायचा असा त्याचा बेत असतो. संध्याकाळी नांगर टाकला, इंजिन उलटं लावून ओढून पाहिला, तो हलला नाही. खिचडी झाली, गप्पा झाल्या, झोप लागली. रात्री दोनला जाग आली तर समोरचे दिवे जागेवर नाहीत. खरं तर दिवे जागेवरच असतात, बोट नसते.

कुठला नांगर घ्यायचा हे नंतर बघू. मी आधी एकच विचारतो: सुटला किती वाजता? आणि त्या दिवशी तिथी कोणती होती?

तिथी विचारली की लोकांना वाटतं, हा आता मुहूर्त काढणार. पण किनाऱ्यावर भरतीचं गणित आजही तिथीवरच चालतं. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. दिवसा एकदा, रात्री एकदा. हिशेब ढोबळ आहे, आणि दक्षिणेकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते हेही लक्षात ठेवावं लागतं. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत, मोबाईलवर अ‍ॅप आहेत, ती जरूर वापरा. पण रात्री जाग आली की फोन न शोधता पाणी आता चढतंय की उतरतंय हे डोक्यात असलं पाहिजे, आणि तिथे पाऊणपटीचा हिशेबच उपयोगी पडतो.

हे सगळं मी विजयदुर्गला शिकलो, आणि फुकट शिकलो नाही.

जानेवारीतली पौर्णिमा. मी आणि माझा मेव्हणा, दोघेच. संध्याकाळी पाचला आत शिरलो. किल्ला खाडीच्या मुखाशी दक्षिणेच्या टोकावर आहे. त्याला वळसा घालून पूर्वेच्या अंगाला आलं की बाहेरची लाट तुटते आणि पाणी तळ्यासारखं होतं. दिवसभर वायव्येचा खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, होता, तो उतरत चालला होता. खोली मोजायच्या मशीनवर पाणी तीन मीटर. नांगर टाकला, वीस मीटर दिला: दहा मीटर साखळी, पुढे दोर. इंजिन उलटं लावलं, दोर ताणला, खाली काही हललं नाही. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, आज गाढ झोपायचं." मी हो म्हणालो.

दोनच्या सुमाराला मला जाग आली ती शांततेमुळे. संध्याकाळी बोटीच्या अंगाला लागणाऱ्या पाण्याची जी सळसळ होती, ती बंद झाली होती. बोट पाण्याबरोबरच चालली असेल तर पाण्याचा आवाज होत नाही, हे तेव्हा कळलं. वर आलो तर चंद्र किल्ल्याकडे कललेला, आणि संध्याकाळी मुठीएवढा दिसणारा बुरूज आता मान वर करून बघावा लागत होता. खालची खडपं, म्हणजे पाण्यातले खडक, ओली चमकत होती. पहिल्या झटक्याला इंजिन लागलं नाही, दुसऱ्याला लागलं. मेव्हण्याने नांगर ओढायला घेतला. वर आला तेव्हा त्यात भल्यामोठ्या घमेलाएवढा राखाडी चिखल होता, आणि दांड्याच्या नि पात्यांच्या फटीत नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा पाचरीसारखा बसला होता. चपट्या पात्यांचा नांगर होता तो, डॅनफर्थ पद्धतीचा. त्याची पाती दोन्हीकडे हलली तरच तो पुन्हा रुततो. ही एका बाजूला अडकून बसली होती. तळावरून तो इस्त्रीसारखा सरकत आला होता.

सकाळी धक्क्यावर पाणी भरायला गेलो तर एक वयस्कर तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे म्होरके, जाळं विणत बसले होते. आमच्याकडे न बघताच म्हणाले, "काल सांजेक तुमी पाणी थांबला तेवा नांगर टाकल्यात. तेवाच म्हटलंय, आज ह्येंका झोप नाय."

"मग सांगायचं होतंत ना, काका."

"तुमी इचारल्यात खंय?"

बरोबर होतं त्यांचं. पौर्णिमेला संध्याकाळी पाच म्हणजे पूर्ण ओहोटी, पाणी उभं. त्या क्षणाला खाडीत ओढ, म्हणजे पाण्याचा प्रवाह, नसते आणि खोली सगळ्यात कमी असते. म्हणजे मी नांगर तपासला तो परीक्षेच्या आधी. पाचपासून अकरापर्यंत पाणी आत चढलं, बोट नांगराच्या पूर्वेला राहिली, तोवर ठीक. अकरानंतर पाणी फिरलं. बोट नांगरावरून पलीकडे गेली आणि दोर उलट दिशेने ओढायला लागला. त्यातच मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो पूर्वेचा. म्हणजे ओहोटीची ओढ आणि वारा दोन्ही एकाच दिशेला, समुद्राकडे. आणि आमच्या बाबतीत त्या दिशेला किल्ला होता.

नांगर दोषी नव्हता. मी जागा बघितली ती संध्याकाळी पाचच्या डोळ्यांनी. बघायला हवी होती रात्री दोनच्या.

म्हणूनच वेळ विचारतो. कोकणच्या खाड्यांत नांगर कधी सुटला यावरून तो का सुटला हे बरंचसं सांगता येतं.

टाकल्याटाकल्या सुटत असेल तर तो बसलाच नाही, कारण तळात आहे. रात्री पाणी फिरल्यावर तासा-दोन तासांत सुटत असेल तर उलट ओढीने तो उपटला गेला आणि पुन्हा रुतला नाही. पूर्ण भरतीच्या आसपास सुटत असेल तर दोर कमी आहे. पहाटे चार ते सातमध्ये, पाणी कुठलंही असो, सुटत असेल तर मतलई वारा. दुपारी तीन ते सहामध्ये सुटत असेल तर खारा वारा आत शिरतोय, जागाच उघडी आहे. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, कधीच नाही आणि उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, हमखास, असं असेल तर ओढ आणि दोर या दोन्हींचा हिशेब चुकतोय. आणि नांगर सुटलाच नसेल पण बोट दुसऱ्या बोटीवर आदळली असेल, तर तो प्रश्न वेगळा. त्याकडे पुढे येतो.

दोराचं गणित

सगळ्यांत जास्त लोक इथे चुकतात, आणि चूक गुणाकाराची नसते, कशाला गुणायचं याची असते. साखळीच साखळी असेल तर खोलीच्या पाचपट, दोर असेल तर सातपट, हे सगळ्यांना पाठ असतं. पण खोली म्हणजे मशीनवर दिसते ती नव्हे. मशीनवरची खोली, अधिक पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतची, उंची, अधिक अजून चढायचं राहिलेलं पाणी.

आमचंच घ्या. तीन मीटर पाणी, एक मीटर नाळ, चार झाले. चार पंचे वीस, म्हणून वीस मीटर दिला. पण तिथे उधाणाला पाणी साधारण दोन मीटर चढतं. म्हणजे रात्री अकराला खोली सहा, आणि वीस मीटर म्हणजे जेमतेम सव्वातीन पट. त्यात अर्धा दोर असल्यामुळे खरं तर सहाची सातपट, बेचाळीस मीटर द्यायला हवे होते. निम्म्याहूनही कमी दिले होते. दोर कमी पडला की ओढ आडवी न राहता वर उचलायला लागते, आणि नांगर वर उचलला की सुटतो. आपणही सकाळी त्याला तसाच सोडवतो: दोर उभा करून.

उत्तरेला हे आणखी कठीण होतं. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, मार्मागोव्यात ती सव्वादोनच्या आसपासच असते. म्हणजे गोव्याच्या माणसाचा अंदाज मुंबईसमोरच्या मांडव्याला चालत नाही. तिथे ओहोटीला तीन मीटरात टाकलेल्या नांगरावर भरतीला सात मीटर पाणी येतं.

पाणी सहा तासांत सारखं चढत नाही, हेही या हिशेबात धरा. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं नि जातं, आणि तेव्हाच ओढ सगळ्यात जास्त असते. पौर्णिमेला रात्री अकराची भरती असेल तर तो काळ एक ते तीन. गजर लावायचाच तर पाणी फिरल्यावर अर्ध्या तासाने एक, आणि या वेळेत एक. बाकी रात्र झोपा.

उलटी चूकही होते. रेवसच्या बाजूला आम्ही एकदा भर भरतीला चार मीटर पाणी बघून खुशीत नांगर टाकला. भरती होती साडेचार मीटरची. पहाटे मेव्हण्याने हाक मारली, "भाऊजी, चहा सांडतोय." बोट चिखलात कुशीवर झोपली होती, आजूबाजूला बगळे चालत होते. दुपारपर्यंत तसेच बसलो. तिथे मऊ चिखल होता म्हणून हसण्यावारी गेलं, खडपावर तेच झालं असतं तर बोट गेली असती.

तळ

कोकणच्या खाड्यांचा तळ बहुतेक ठिकाणी चिखल आहे, आणि उत्तरेकडे तो फारच मऊ. वरचा हातभर थर तर ताकासारखा. लोक नांगर टाकतात आणि लगेच इंजिन उलटं लावतात. तो त्या ताकातून नुसता ओढला जातो. चिखलात नांगर आपल्या वजनाने खाली जाऊ द्यावा लागतो. टाका, दोर सोडा, वीस मिनिटं काहीही करू नका. मग अगदी हळू, इंजिन जेमतेम फिरेल इतकं, मागे ओढा. शेवटी जोर लावा. या पद्धतीने माझे निम्मे प्रश्न सुटले.

तळ काय आहे हे बघायला जुनी युक्ती अजून चालते. शिशाच्या ओळंब्याला खाली खळगा असतो, त्यात कपड्याचा साबण दाबून भरायचा आणि ओळंबा सोडायचा. वर आला की साबणाला काय चिकटलंय ते बघायचं. राखाडी चिखल असेल तर उत्तम. वाळू असेल तरी चालेल. शिंपल्यांचे तुकडे किंवा नुसतेच ओरखडे असतील तर खाली खडप आहे, पुढे चला. खडपात नांगर आधी धरत नाही, आणि एकदा धरला की सोडत नाही.

धरलाय की सरकतोय हे हाताला कळतं. नाळेवर जाऊन ताणलेल्या दोरावर तळहात ठेवा. खडपावर किंवा रेवेवर सरकत असेल तर खरखर थेट हातात येते. चिखलात आवाज नसतो. तिथे दोर ताणतो, अचानक सैल पडतो, पुन्हा ताणतो. ते अचानक सैल पडणं एकदा अनुभवलं की विसरत नाही.

आता नांगर कुठला. मासेमारी बोटींवरचा चार फाळांचा लोखंडी नांगर खडपात उपयोगी आहे, मऊ चिखलात त्याचे फाळ बारीक पडतात. चपट्या पात्यांचा चिखलात सगळ्यात घट्ट बसतो, पण ओढ फिरली की त्याचा भरवसा नाही, कारण वर सांगितलंच आहे. खाडीत दर सव्वासहा तासांनी ओढ फिरते, तेव्हा मी आता फावड्यासारख्या एकाच अखंड पात्याचा नवा प्रकार मुख्य नांगर म्हणून वापरतो. तो फिरताना सुटला तरी वीतभर अंतरात पुन्हा रुततो. चपटा ठेवलाय दुसरा म्हणून. पण पंधरा हजाराचा नांगर घेऊन वीस मीटर दोर देणाऱ्याला मी काही मदत करू शकत नाही.

ओढ जोराची असेल आणि जागा अरुंद, तर दोन नांगर टाका. एक खाडीच्या वरच्या बाजूला, एक खालच्या. पहिला टाकायचा, दुप्पट दोर सोडत ओढीबरोबर मागे जायचं, दुसरा टाकायचा, मग पहिल्याचा दोर ओढून मधोमध यायचं. दोन्ही दोर नाळेलाच बांधायचे. पाणी कुठल्याही बाजूने आलं तरी त्या बाजूचा नांगर आधीच रुतलेला असतो, उलटायचा प्रश्नच येत नाही. मागच्या टोकाला बांधायचा मोह आवरा. बोट ओढीला आडवी झाली की दोन्ही नांगर सुटतात. दोर एकमेकांत पिळतात हे खरं, पण एका रात्रीत दोनच पीळ पडतात.

जागा कशी बघायची

नकाशा उघडून मुखाशी असलेला किल्ला बघा. कोर्लई, बाणकोट, अंजनवेलचा गोपाळगड, जयगड, विजयदुर्ग: सगळे आपापल्या खाडीच्या दक्षिणेच्या टोकावर. बांधणाऱ्यांच्या मनात काय होतं ते इतिहासकार सांगतील, नांगर टाकणाऱ्याला त्याचा अर्थ सरळ आहे. दक्षिणेच्या टोकाआड पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा आसरा मिळतो. पण आपण फिरतो हिवाळ्यात, आणि तेव्हा दुपारचा वारा वायव्येचा असतो. तो त्याच मुखातून तिरका आत शिरतो. म्हणजे किल्ल्याआडची जागा आपल्या मोसमात अर्धीच आडोशाची. तेव्हा किल्ल्यापाशी थांबू नका. खाडीत पहिलं वळण घ्या आणि मागे समुद्र दिसेनासा झाला की तिथे खोली बघा. फोटो चांगला येत नाही, झोप येते.

विजयदुर्गला मी आता वाघोटन खाडीत वर जातो. जयगडला मुखाशी मोठ्या जहाजांचं बंदर आहे, त्याच्यापासून दूर राहून शास्त्रीच्या खाडीत आत शिरावं. फक्त तवसाळच्या फेरीबोटीची वाट सोडा, तिला ब्रेक नसतो. दाभोळलाही धोपाव्याची फेरी आहे, आणि मुखाशी वाळूचा दांडा. दाभोळ आणि बाणकोट दोन्ही ठिकाणी अर्धी भरती झाल्यावर, चढत्या पाण्यातच आत शिरायचं. चढत्या पाण्यात तळाला लागलात तर अर्ध्या तासात सुटता, उतरत्या पाण्यात लागलात तर पुढची भरती येईपर्यंत लोक बघायला येतात. दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीची मोबाईलवरची रेघ या वर्षी चालेलच असं नाही. नारळी पौर्णिमेनंतर तिथून रोज ये-जा करणाऱ्याला विचारा, आणि जमलं तर त्याच्या मागोमाग आत जा.

राजपुरीची खाडी प्रशस्त आहे. पण जंजिऱ्याच्या तटाला लागून नांगर टाकायची हौस करू नका, भोवती खडप आहे आणि ओढ वेडीवाकडी. आगरदांड्याच्या पुढे आत जा. धरमतरला मी मुक्काम करत नाही: रात्रभर बार्जेसची वर्दळ असते, आणि बार्जवाल्याला आपला एक दिवा दिसेल या आशेवर झोप येत नाही. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आसपास जागा आहे, पण मासेमारी बोटींची दाटी असते.

दाटीवरून तो मघाचा वेगळा प्रश्न. मच्छीमार बोटी जाड, आखूड दोरावर असतात, आपण चाळीस मीटरवर. त्यांचा घेर छोटा, आपला मोठा. शिवाय आपल्या बोटीचा कणा खोल, म्हणून आपण ओढीप्रमाणे फिरतो, आणि सपाट तळाची उंच बोट वाऱ्याप्रमाणे. पाणी फिरताना अर्धा तास प्रत्येक बोट वेगळ्या दिशेला तोंड करून असते. संध्याकाळी सगळ्या एका दिशेला शिस्तीत उभ्या दिसतात त्यावर जाऊ नका. आपला चाळीस मीटरचा घेर चारी बाजूंना मोकळा आहे का ते बघा, नसेल तर तिथून निघा. नंतर आलेल्याने हलायचं, ही रीत सगळ्या बंदरांत एकच आहे.

मुंबई-रायगडच्या पट्ट्यात डोल जाळ्यांचे, म्हणजे ओढीत पिशवीसारखी बांधून ठेवलेल्या जाळ्यांचे, खुंटे हाही एक फास. भरतीला ते दिसत नाहीत. ओढ जिथे जोराची तिथेच डोल लावतात, म्हणजे खुंटा दिसला की ती जागा आपली नव्हे हे दोन कारणांनी ठरतं. नांगर त्यांच्या दोरात अडकला तर तो सोडवताना जाळं फाटतं, आणि ते कोणाचं तरी पोट असतं.

नांगर टाकून झाला की खुणा धरा. किनाऱ्यावरची दोन ठिकाणं एका रेषेत घ्या: देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच, किंवा धक्क्याचा दिवा आणि मोबाईलचा मनोरा. तशीच दुसरी जोडी काटकोनात. कोळी मासळीची जागाही अशीच लक्षात ठेवतात. रात्री दिसतील अशाच खुणा निवडा. मी एकदा एका घराचा पिवळा दिवा धरला होता, त्यांनी दहाला तो घालवला. फोनवरचा घसरणीचा गजर लावाच, पण वर्तुळ घेराएवढं ठेवा. छोटं ठेवलं तर पाणी फिरताना उगाच वाजतो, आणि दोनदा उगाच वाजला की तिसऱ्यांदा माणूस तो बंद करून झोपतो.

सुटलाच, तर

आधी बघा खाली किती जागा आहे, म्हणजे वारा नि ओढ नेतायत त्या बाजूला. भरपूर असेल तर अजून दोर सोडा. बऱ्याचदा एवढ्यावर धरतो. दोर झटका देऊन सोडू नका, हळू द्या आणि हळूच अडवा. जागा कमी असेल तर इंजिन लावा, पुढे जाऊन ओढ काढा, नांगर उचला आणि दुसरीकडे टाका. अंधारात त्याच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका. इंजिन लागतच नसेल तर दुसरा नांगर ताबडतोब टाका. तो मोकळा, दोर जोडलेला आणि हाताशी असला पाहिजे, बाकाखालच्या सामानात नव्हे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आणि केबिनच्या भिंतीवर, दोन्हीकडे असू द्या.

इथवरचं सगळं झालं साध्या हिवाळी रात्रींसाठी. वादळाची गोष्ट निराळी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो, दोराचं कुठलंही गणित तिथे पुरत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रत्नागिरीजवळ नांगरलेलं बसरा स्टार हे अख्खं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, म्हणजे दिवाळीनंतरचे दिवस निर्धास्त असतात असंही नाही. हवामान खात्याचा इशारा आणि इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज दोन्ही रोज बघा. दुसरा जास्त महत्त्वाचा वाटावा असे दिवस असतात, कारण इथे वारा नसतानाही हजारो मैलांवरची लाट येऊन आडोशाची जागा हलवून सोडते. इशारा आला की आदल्या दिवशीच खाडीत जितकं वर जाता येईल तितकं जा. ओखीच्या वेळी, डिसेंबर २०१७ मध्ये, केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला आसऱ्याला आल्या. त्यांनी देवगड गाठलं, आणि ते उगाच नव्हे. तिथलं बंदर बाहेरून दिसतं त्यापेक्षा बरंच आत वळलेलं आहे.

एका जागेचं उत्तर मात्र मला अजून मिळालेलं नाही. मालवण. किल्ल्यापाशी पाण्याखाली जागोजागी खडप, वाट नागमोडी, आणि दुपारच्या वाऱ्याला सगळं उघडं. तिथल्या लोकांच्या बोटी आत सुखाने उभ्या असतात, पण त्यांना प्रत्येक खडक नावाने माहीत आहे. दोन वेळा टाकला, दोन्ही वेळा नांगर खडकात अडकला, एकदा दोर कापून तिथेच सोडून यावा लागला. आता देवगडात झोपतो, पहाटेच्या मतलईवर निघतो, मालवणात दुपारचं जेवण आटोपतो आणि खारा वारा सुटायच्या आत बाहेर पडतो.